हौसाबाईंच्या हाताचा वास

गडबपासून पेणपर्यंत कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल: हौसाबाईंनी एका वर्षी गणपतीला तिरळे डोळे काढले, गिऱ्हाईक मूर्ती घेऊन परत आलं आणि कारखानदाराने बाईंना भरल्या डब्यासकट घरी धाडलं. सांगणारा स्वतःची बुबुळं नाकाकडे ओढूनही दाखवतो.

साफ खोटं. हौसाबाई, म्हणजे माझी आजी, पेणच्या कारखान्यात बावीस वर्षं आखणी करत होत्या. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. रंग कुणीही लावतो, डोळ्यांना मात्र सगळा कारखाना हौसाबाईंच्या तोंडाकडे बघायचा. त्यांना तिथून कुणी काढलं नाही. कामावरून काढलं ते घरच्यानेच, आणि काढणारा अजून त्यांच्याच ओटीवर बसून चहा मागतो.

पोपटराव, म्हणजे माझे आजोबा, रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. पंच्याहत्तर साली लग्न झालं. ते कंपनीच्या बसने रोह्याला, हौसाबाई मिनिडोर रिक्षाने पेणला. दोघं कमवायची, दोघांत दोन पोरं आणि एक पंखा. बरं चाललं होतं. सत्त्याण्णवच्या शिमग्यानंतर मात्र पोपटरावांना वास यायला लागला.

"हौसा, तुज्या हाताला रंगाचा वास मारतोय गो. भात कसा गिळायचा?"

रंग पातळ करायचं टर्पेंटाईन ते. हौसाबाईंनी हात साबणाने धुतले, लिंबाने घासले, चुलीतल्या राखेनं चोळले. ताट पुढे आलं की पोपटराव नाकाला टॉवेल लावून बसायचे. पोरंही बापाचं बघून नाक धरायला लागली. मिनिडोरमध्ये हौसाबाई गुपचूप स्वतःची बोटं हुंगायच्या. त्यांना वास यायचा नाही, म्हणून त्या आणखी घाबरायच्या, आपलंच नाक सवयीने मेलं असेल. दीड वर्ष हे चाललं. शेवटी अठ्ठ्याण्णवच्या गणपतीनंतर त्यांनी ब्रश कारखान्यात ठेवला आणि परत गेल्या नाहीत. तिरळ्या डोळ्यांची गोष्ट त्यानंतर कुणीतरी जन्माला घातली. हौसाबाईंनी ती खोडली नाही. नवऱ्याला आपल्या हाताची किळस येते, हे सांगण्यापेक्षा ते बरं.

सत्तावीस वर्षं त्या घरात बसल्या.

यंदा एप्रिलमध्ये हौसाबाई परसातून वाल सोलून आत आल्या तर दारातच थांबल्या. सिलिंडरची नळी सुटली होती. घरभर गॅस. आणि शेगडीपासून चार हातांवर पोपटराव पेपर वाचत बसलेले.

"आलीस? चाय टाक ना गो."

हौसाबाईंनी सिलिंडरचं बटण बंद केलं आणि खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी तव्यावर जवळा कोळसा होईपर्यंत जाळला. शेजारची मालू धावत आली. पोपटराव म्हणाले, "काय झाला?" तिसऱ्या दिवशी त्यांनी पेणहून टर्पेंटाईनची बाटली आणली.

मे महिन्यात आदेशकाकाने आईबापाच्या लग्नाची पन्नास वर्षं साजरी केली. हायवेवरचा हॉल, दोनशे माणसं, पडद्यावर फोटो आणि काकाचा माईकमधला गहिवर: "आईने संसारासाठी आपल्या कलेचा त्याग केला!" टाळ्या पडल्या. पोपटरावांनी सर्वांत जोरात वाजवल्या.

मग घास भरवायची वेळ आली. हौसाबाई आत हात धुवायला गेल्या आणि मनगटापर्यंत टर्पेंटाईन चोळून बाहेर आल्या. पहिल्या रांगेतल्या धोंडुबाईंनी पदर नाकाला लावला. फोटोवाला खोकला. हौसाबाईंनी चमच्याने श्रीखंड उचललं आणि हात नवऱ्याच्या नाकाखाली धरून ठेवला.

"वास कसा हाय?"

पोपटरावांनी माईककडे मान वळवून डोळे मिटले. "वा! वेलदोडा काय सुटलाय!"

मग मागून एकजण फिस्सकन हसला आणि सगळा हॉल सुटला. आदेशकाका घाईने म्हणाला, "आई, पुरे."

"तू गप बस. तू पन नाक धरायचास." हौसाबाई नवऱ्याकडे वळल्या. "सांगा आता. सगल्यांना सांगा."

पोपटरावांच्या मिशीला श्रीखंड लागलेलं. सत्त्याण्णवच्या शिमग्याला कंपनीत गॅस सुटला होता, त्यातच नाक गेलं होतं. वास न येणाऱ्या माणसाला प्लांटमध्ये कोण उभं करील? म्हणून कंपनीच्या मेडिकल तपासणीत खोटं बोलले. कंपनीतलं कुणी घरी आलं तर कळू नये, म्हणून घरात वासाचं नाटक रोजचं झालं. हे सगळं त्यांनी तुटक तुटक सांगितलं, आणि माईक चालूच होता.

"नोकरी गेली असती गो."

"माजी गेली ना."

हौसाबाईंनी चमचा त्यांच्या हातात दिला आणि स्टेजवरून उतरून जेवायला बसल्या. दोन जिलब्या खाल्ल्या.

तेव्हापासून त्या घरात नवऱ्याचं ताट टर्पेंटाईनच्या हातांनीच वाढतात. पोपटरावांना वास येत नाही, पण जेवायला आलेला प्रत्येक पाहुणा नाक धरतो, आणि ते पोपटरावांना दिसतं. महिनाभरात पाहुणे यायचे थांबले. पोपटराव दारात बसून वाट बघतात. एका रविवारी ते म्हणाले, "हौसा, चुकलो." हौसाबाईंनी आमटी वाढली.

आजोबांना रडू फुटलेलं बघून मी आजीशी पैज लावली: आठ दिवसांत तुला दया येणार. मी हरले, तर आजोबांच्या समोर बसून त्यांचीच नक्कल करायची.

"लाव," आजी म्हणाली.

पैज हरून नवव्या दिवशी मी पाटावर बसले, टॉवेल नाकाला लावला आणि त्यांच्याच घोगऱ्या आवाजात सुरू झाले: "हौसा, तुज्या हाताला रंगाचा वास मारतोय गो." आवाज इतका जमला की आजोबांचा घास हातातच राहिला. आजीने माझ्या भातावर तूप जरा जास्तच ओतलं.