परत येणारा प्याला

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही भातलावणीचे दिवस सोडून. माझ्यामागून जी कुणी आपल्या मंडळीची सेविका होईल, तिच्यासाठी ही वही ठेवते आहे. चुका पोटात घालाव्यात. तोंडाने सांगायची लाज वाटते म्हणून लिहिते.

त्या रविवारी ट्रेमधून पुन्हा एक प्याला भरलेला परत आला.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मुरबाडच्या मंडळीत प्रभुभोजन असतं. प्रभू येशूच्या आठवणीने प्रत्येकाने भाकरीचा एक तुकडा घ्यायचा आणि द्राक्षरसाचा लहान काचेचा प्याला प्यायचा. द्राक्षं आमच्याकडे कुठली? शनिवारी मनुका भिजत घालायच्या, रविवारी सकाळी उकळून गाळायच्या. ते काम माझं. भाकरी म्हणून पोळीचे तुकडे करायचे, पहिलं गीत चालू असताना दारातून माणसं मोजायची आणि तेवढे प्याले भरायचे. उरलेला रस मोरीत ओतायचा नसतो. तो मागच्या जास्वंदीच्या मुळाशी घालायचा. सेविका म्हणजे हे काम, शिवाय झाडलोट, सतरंज्या आणि आजारी माणसांच्या घरी जाऊन प्रार्थना.

पाळकसाहेब नवीन होते. शहापूर आणि मुरबाड अशा दोन मंडळ्या त्यांच्याकडे होत्या. मोटरसायकलवरून यायचे, सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मी जास्वंदीपाशी रस ओतत होते तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले.

"शांताबाई, मी आल्यापासून चौथ्यांदा बघतोय. एकच प्याला उरतो. तुमची मोजणी चुकते का?"

"नाही साहेब."

"मग कुणाचा हा?"

मी म्हटलं, हिराबाईचा.

हिराबाई वैशाखरे गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावरून यायची. अर्धा तास चालून रस्त्याला लागायची, मग एसटी. भाड्यापायी दर रविवारी जमायचं नाही, पहिला रविवार मात्र चुकवायची नाही. मागच्या सतरंजीवर बसायची, गीतं मोठ्याने म्हणायची. पण भोजनाचं गीत सुरू झालं की रडणारी दोन-तीन लेकरं उचलून बाहेर पायरीवर जाऊन बसायची. आयांना बरं वाटायचं. मंडळीत सगळे म्हणायचे, हिरा किती मायाळू, लेकरं सांभाळते. तसं दोन वर्षं चाललं होतं.

साहेबांनी विचारलं, तुम्ही तिला कधी कारण विचारलंत का? मी नाही म्हटलं. का नाही? खरं तर विचारायची गरजच नव्हती. मला कारण माहीत होतं. म्हणूनच तिचा प्याला कमी करायला माझा हात होत नव्हता.

मग त्यांना सांगितलं ते इथे लिहिते.

आमच्या भगिनी मंडळाची एक पेटी आहे. प्रत्येक बाई रोज भात शिजत घालताना एक मूठ तांदूळ बाजूला काढते आणि रविवारी देवळातल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, डब्यात आणून ओतते. ते तांदूळ विकून पैसे पेटीत जातात. त्यातून हिराबाईला दोन शेळ्या घ्यायला बाराशे रुपये उसने दिले होते. माझ्या शब्दावर दिले होते. दोन्ही शेळ्या त्याच पावसाळ्यात मेल्या.

पेटीचा हिशेब रूथमावशींकडे. एका भोजनाच्या रविवारी सकाळी त्या मला सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "शांते, तुझ्या शब्दाला किती किंमत आहे ते आता आम्हांला कळलं. बायकांच्या मुठीतला दाणा आहे तो." त्यांचंही खोटं नव्हतं. पण मला फार लागलं. उलट बोलायची माझ्यात धमक नाही. मी मान खाली घालून दारात जाऊन उभी राहिले. तेवढ्यात हिराबाई आली. तिने हळूच विचारलं, "बाई, पैसं नाय जमलं अजून. मी भोजनाला बसू ना?"

मी म्हटलं, "आधी देणं मिटव गो, मग ये देवाच्या मेजाशी. शास्त्रात तसंच आहे."

राग रूथमावशींचा होता. काढला हिरावर. आणि वर शास्त्राचं नाव घेतलं. शास्त्रात आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे, बाराशे रुपये भरून या असं कुठेच नाही. मला तेव्हाही ते माहीत होतं. आत जाऊन मी माझा प्याला प्यायले.

साहेब ऐकत राहिले. मला वाटलं, आता कामावरून काढतील. पगार थोडा असला तरी माझ्या एकटीचं त्यावर चालत होतं. पण ते एवढंच म्हणाले, "तिच्या घरी तुम्हीच जा. मी गेलो तर तिला वाटेल वसुलीला आले."

मी विचारलं, "आणि पैशांचं काय सांगू?"

"पैसे द्यायचेच आहेत. ते पेटीचं देणं आहे. पण ते भोजनाचं तिकीट नाही, शांताबाई."

मंगळवारी मी एसटीने गेले. भाताची झोडणी चालू होती. हिराबाई खळ्यात एकटीच होती. पेंढी डोक्याच्या वर नेऊन फळीवर आपटत होती. मला लांबून बघताच तिने पेंढी टाकली आणि घरात पळाली. बाहेर आली ती हातात फडक्याची गाठ घेऊन. माझ्यासमोर बसून तिने गाठ सोडली.

"एकशे चाळीस हायत बाई. बाकीचं होळीपत्तोर बघते. नाव नका काढू माझं मंडळीतनं."

वाटेत मी काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. सगळं विसरले. ती सुट्टी नाणी आणि दहा-दहाच्या मऊ झालेल्या नोटा बघून मी तिच्याजवळ मातीत बसले.

मी म्हटलं, पैशाला नाही आले. मी तुला दारात जे बोलले ते देवाचं नव्हतं. मावशी मला बोलल्या होत्या, तो राग मी तुझ्यावर काढला. चूक माझी. मला माफ कर.

तिने माझ्याकडे बघितलं. भाताच्या धुळीने तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"म्हंजी देवानं नाय सांगलं?"

"नाही. मी सांगितलं."

"दोन वरीस?"

"दोन वर्षं."

"मला वाटं, त्याचीच इच्छा नाय." तिने पदराने तोंड पुसलं. "पायरीवर बसून मी प्याले वाजत्यात ते ऐकत व्हते, बाई. लेकरू मांडीत असलं म्हंजी कुनाला कळत नाय, आपुन का रडतोय."

मला हुंदका आला. माझं रडणं थांबेना, तेव्हा ती उठली. एक पेंढी माझ्या हातात दिली. म्हणाली, "रडून भात झोडून व्हतंय का? उठा. आलात तशा हात लावा."

दुपारपर्यंत मी तिच्याबरोबर भात झोडलं. तळहाताला फोड आले. मध्ये तिने कांदा आणि भाकर दिली. मी निघताना ती पैशांची गाठ माझ्या पिशवीत कोंबायला लागली. मी घेतली, कारण ते पैसे पेटीचे होते. रूथमावशींकडे भरले आणि मावशींनाही सांगितलं की त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग होता. मावशी चष्मा पुसत राहिल्या. म्हणाल्या, "चारचौघींत बोलले ते माझंही चुकलंच."

पुढच्या पहिल्या रविवारी मी एकेचाळीस प्याले भरले. भोजनाचं गीत लागायच्या आधी साहेबांची परवानगी घेऊन पुढे उभी राहिले. बारा वर्षांच्या नोकरीत मी मंडळीपुढे कधी बोलले नव्हते. तीनच वाक्यं बोलले. आपल्यातल्या एकीला मी माझ्या रागापायी देवाच्या मेजापासून लांब ठेवलं. देवाने तिला कधीच लांब ठेवलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी मला क्षमा करा. शेळ्यांचं, पैशांचं काही बोलले नाही. नाव घेतलं नाही.

मग मला आत थांबवेना. गीत सुरू झालं तसं मी हिराबाईच्या मांडीवरचं लेकरू उचललं, बाहेर आले आणि पायरीवर बसले. ठरवलं होतं, आता काही महिने आपण बाहेर बसायचं. तेवढं भोगायलाच हवं असं वाटत होतं.

आतून प्याल्यांची किणकिण ऐकू येत होती. पायरीवरून ती खरंच फार स्पष्ट ऐकू येते.

थोड्या वेळाने मागे पावलं वाजली. हिराबाई होती. तिच्या एका हातात पोळीचा तुकडा, दुसऱ्या हातात प्याला. ओठांवर तिने प्यायलेल्या रसाचा डाग होता. तिच्यामागे दारात साहेब ट्रे घेऊन उभे होते.

"घ्या," ती म्हणाली. "बाई, आता तुमी नका चालू करू तेच."

मी लेकरू तिच्याकडे दिलं आणि तुकडा घेतला, प्याला घेतला. भोजन मी लहानपणापासून घेत आले, पण कृपा म्हणजे फुकट मिळालेलं ते मला त्या पायरीवर कळलं. त्या दिवशी जास्वंदीला काही मिळालं नाही.

हे वाचणाऱ्या सेविकेला एवढंच सांगणं आहे. दारात कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी बघावं, आपण सकाळपासून कुणावर रागावलो आहोत का. रागावलो असलो तर साहेबांना विचारा म्हणावं आणि गप्प बसावं. आणि प्याला परत आला तर नुसता ओतून देऊ नये. कुणाचा आहे ते बघायला जावं.

पैशांचं राहिलं. त्यानंतर हिराबाई दर महिन्याला काही ना काही आणू लागली. कधी वीस, कधी पन्नास, एकदा सुके बोंबील विकून आलेले सत्तर. कुणी मागत नव्हतं. रूथमावशी लिहून घ्यायच्या आणि तिला चहा द्यायच्या. तिसऱ्या वर्षी शिमग्याच्या आधी तिने शेवटचे पस्तीस रुपये मावशींच्या हातावर ठेवले. मावशींनी पानावर आडवी रेघ ओढली आणि मोठ्याने म्हणाल्या, "हिराबाईचे बाराशे पुरे झाले."

तो महिन्याचा तिसरा रविवार होता. मी तिला म्हटलं, दोन आठवड्यांनी भोजनाला येणारच होतीस, तेव्हा दिले असतेस तर एक भाडं वाचलं असतं.

ती म्हणाली, "म्हनूनच आज आले, बाई. दोनी येगळं हाय ना."