मोरीच्या पाण्यावरचा माड

रत्नागिरीच्या घरामागे कमी कटकटीची, आधुनिक बाग करायची म्हणून मी चौकटीच्या कागदावर आराखडा केला आणि परसात मधोमध उभा असलेला माडच त्यात दाखवायला विसरलो. फरशी घालायला आलेल्या गवंड्याने कागद पाहिला, मग माड पाहिला. टोपी मागे सारत त्याने विचारलं, "आणि ह्याचं काय?"

"बुंध्यापर्यंत सिमेंट. केर नको, चिखल नको."

"मोरीच्या पाण्यावर वाढलाय तो. आता पाणी गटारात आणि ह्याच्या गळ्याशी सिमेंट? दुसरा माणूस बघा, भाऊ."

"नारळ बाजारात मिळतात," मी ओरडलो. घर माझं, आराखडा माझा, आणि हा मला शिकवणार!

कुदळ घेऊन त्याने मोरीपासून माडाच्या आळ्यापर्यंतचा बुजलेला पाट रागारागाने मोकळा केला, पाणी मुळाशी पोचेपर्यंत थांबला आणि हत्यारं उचलून चालता झाला. मी इतका तापलो होतो की त्याला ना नाव विचारलं, ना चहा.

खिडकीतून सगळं पाहणारी बायको म्हणाली, "परका माणूस माडासाठी भांडला. घरचा भांडला तो फरशीसाठी."