मंडळाच्या सीड्या लिनक्सवर चढतात तेव्हा

मंडळात दोन माणसं जमली की एक काम निघतं आणि तिसरा आला की त्या कामाचा किस्सा होतो. कामं विसरली जातात, किस्से साचत जातात. भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाचा कॉम्प्युटर मी बघतो, त्यामुळे माझ्याकडे साठा जरा जास्तच आहे!

हे सगळं सुरू झालं सेक्टर 10 मधल्या कुसुमकाकूंमुळे. काकू पूर्वी गणपतीत गायच्या. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता बोलतात तेही घोगरं. त्यांची कॉलेजातली नात रिया एकदा हसून म्हणाली, "आजी, आप और गाना? कुछ भी!" ते काकूंना फार लागलं. त्यांच्या गाण्याचं रेकॉर्डिंग मंडळाच्या एकाच सीडीत होतं. "पोरीले एकदा ऐकवून दे रे बाबा," एवढंच त्यांचं मागणं.

*

मंडळाचा कॉम्प्युटर म्हातारा, म्हणून मी त्यावरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं. त्या निमित्तानं कार्यक्रमांच्या सगळ्याच सीड्या त्यावर कॉपी करायच्या तर परवानगी हवी, म्हणून मीटिंग! आमचे अध्यक्ष गावंडे साहेब स्टील प्लांटमधून मोठ्या पोस्टवरून रिटायर झालेले. त्यांनी विचारलं, "या लिनक्सचा मालक कोण हाये?"

"कोणीच नाही साहेब. जगभरातले लोक मिळून बनवतात. बरेचसे तर फुकटात."

साहेबांनी अख्ख्या कमिटीवरून एकदा नजर फिरवली. "फुकटात? अन् तरी चालते?"

ठराव पास झाला.

*

सीडी वाचणारा माझा प्रोग्राम काम करताना स्क्रीनवर एक छोटा चेहरा दाखवतो. नीट वाचता आलं तर हसतो, ओरखडा लागला की तोंड पाडतो. पहिली सीडी लावली. तिच्या सुरुवातीलाच साहेबांचं चाळीस मिनिटांचं स्वागताचं भाषण! चेहरा पडला तो पडलाच.

साहेब मागेच उभे. "हा कावून तोंड पाडून राहिला?"

"ओरखडे आहेत साहेब."

आमचे सेक्रेटरी भोयर माझ्या कानात म्हणाले, "मशीन समजदार हाये!"

*

गाण्यांची नावं हा प्रोग्राम इंटरनेटवरून स्वतःच शोधतो. ट्रॅक किती, लांबी केवढी, एवढं जुळलं की नावं चिकटवून मोकळा! दुसऱ्या सीडीला त्यानं कुठल्यातरी परदेशी अल्बमची नावं लावली. तिच्यातही साहेबांचं भाषण होतंच, त्याचं नाव झालं 'बाळांना झोपवायची गाणी, भाग पहिला'.

मी बदलणार होतो. पण इंटरनेट एवढं अचूक क्वचितच असतं! अजून तेच नाव आहे.

*

खराब सीडी वाचायला तास न् तास लागायचे. भोयरांचा धीर सुटला. "तुझं लिनक्स म्हंजे मालगाडी!" असं म्हणून उरलेल्या सगळ्या सीड्या ते रुआबांध्याला आपल्या घरी घेऊन गेले. काकूंची त्यातच होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर पेनड्राइव्ह आपटला. "दहा मिनिटात! विंडोज म्हणतेत याले!"

मी उघडून पाहिलं. प्रत्येक गाण्याची फाइल एक केबीची, म्हणजे जवळजवळ रिकामी! विंडोजवर नुसतं कॉपी-पेस्ट केलं की गाणं येतच नाही. कुठलं गाणं कुठे सुरू होतं, तेवढी चिठ्ठी येते. गाणी राहतात सीडीतच.

"सीड्या कुठे आहेत?"

"काम झालं ना! बाल्कनीत लटकवल्या. कबुतरं लय त्रास देऊन राहिले होते."

माझं डोकंच फिरलं. एका बाईचा गेलेला आवाज या माणसानं सुतळीला टांगला होता!

*

मी स्वतः जाऊन सुतळी कापली. काकूंच्या सीडीवर कबुतरांनी आपला अभिप्राय दिलेला होता, म्हणजे त्या चकाकीला कबुतरं घाबरतही नव्हती. ओल्या फडक्यानं हळूहळू पुसली आणि ड्राइव्हमध्ये घातली. चेहरा हसला, पडला, पुन्हा हसला. काकूंचे फोनवर फोन, "निघालं का रे?"

तिसऱ्या दिवशी निघालं. अख्खं गाणं! मला खरंच भरून आलं. पण आधी काकू आणि रियानं ऐकावं, म्हणून मी स्वतः ते लावून पाहिलं नाही.

*

साहेबांना कळलं, तर त्यांनी ऐकण्याचा कार्यक्रमच ठेवला. काकू आल्या, रिया आली, कमिटी आली. आधी भाषण, अर्थातच! "त्या दिवशी मी स्टेजवर, माइकच्या बाजूलेच बसलो होतो. कुसुमताई गाऊन राहिल्या होत्या अन् माझ्या डोळ्याले धारा! तोंडातून शब्द फुटला नाही!"

टाळ्या झाल्या. मी फाइल लावली. काकूंचा तेव्हाचा स्वच्छ, मोकळा आवाज हॉलभर पसरला. रियानं आजीचा हात घट्ट धरला. दुसरं कडवं सुरू झालं आणि गाण्याच्या वरून साहेबांचा आवाज आला, तोही तितकाच स्वच्छ, "अजून किती कडवे हायेत हिचे? तिकडं आलूबोंडे थंडे होऊन राहिले!"

साहेब माझ्याकडे वाकले. "तेवढं काढता येते का रे तुझ्या लिनक्समधी?"

गाणं चालूच होतं. रियानं आजीकडे पाहिलं. "आजी, सुनाई दिया था आपको? फिर भी आप रुकीं नहीं?"

काकू घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "थांबू कावून? ते आलूबोंडे बी मीच तळले होते!"