शेकून दिलेली हलगी

साताऱ्यात इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर माझ्या खोलीतला जोडीदार कराडकडचा होता. घरी बागायती ऊस, चुलते फौजेत. मी मेढ्याचा, बौद्ध घरातला. त्यानंच मला पाचगणीच्या पार्टीला नेलं. तिथल्या बोर्डिंगात शिकून लंडनला गेलेला एक मुलगा सुट्टीत रेकॉर्डचं खोकं घेऊन आला होता. जुन्या वर्गमित्राच्या वडिलांच्या हॉटेलात तो 'ड्रम अँड बेस' वाजवणार होता.

"ते काय असतंय रं?" मी विचारलं.

"नुसतं वाजप. गाणं न्हाई, काय न्हाई. चल तर गड्या."

पहिला ठोका कानाच्या आधी बरगड्यांत बसला. वर ड्रमची अशी घाई की पाय कुठं टाकावा कळेना. खाली बेसचा खोल घुमारा मात्र निवांत चाललेला. मी बेस धरून नाचू लागलो आणि जमलं. मुंबईची पोरं, बोर्डिंगच्या पोरी, कुणी आडनाव विचारलं नाही. उसना शर्ट घामानं अंगाला चिकटला. इतका सुखात मी कधीच नव्हतो.

मग जोडीदारानं भिंतीवर शोभेला टांगलेली हलगी काढली. बाहेर कबाबाच्या निखाऱ्यांवर तिचं कातडं शेकलं आणि माझ्यापुढं धरली.

"वाजीव."

"मला येत न्हाई."

"आरं, आज्जा वाजवायचा की तुझा. रक्तातच असतंय तुमच्या."

हे त्याला आज्ज्यानंच सांगितलं होतं, आमच्या घरी पंगतीला बसवून. धर्म बदलला त्या वर्षी आज्ज्यानं आपली हलगी स्वतःच्या हातानं फोडली, परत कुणाच्या दारात वाजवली नाही. ते ऐकून हा आज्ज्याच्या पाया पडला होता.

हॉटेलवाल्याच्या पोरानं पट्टा माझ्या गळ्यात अडकवला. कुणीतरी लंडनवाल्याला सांगितलं, हा खानदानी वाजवणारा आहे. त्यानं आवाज उतरवला आणि अगदी आदरानं माइक हलगीपुढं धरला. सगळे टाळ्यांचा ठेका धरू लागले. मी पट्टा काढायला गेलो, तर जोडीदारानं मागून माझं मनगट पकडलं आणि माझाच हात कातड्यावर आपटला. एकदा. परत एकदा. तो आवाज स्पीकरमधून हॉलभर घुमला.

"वन्स मोअर!" लोक ओरडले.

मी कोपर मारून सुटलो. त्याचं नाक फुटलं. तेव्हा कुठं हसणं थांबलं.

"मस्करी केली रं," नाक दाबून तो म्हणाला, "येवढं काय मनाला लावून घेतुयास?"

सगळ्यांना ते पटलं. त्याला बर्फ मिळाला; मला दंडाला धरून बाहेर काढलं. माझ्यामागं दार लागायच्या आत बेस पुन्हा सुरू झाला होता.

सकाळच्या एसटीनं मी मेढ्याला गेलो. आज्जा अंगणात बसला होता.

"कसा झाला कारेक्रम?"

"चांगला झाला."

"नाचलास का न्हाई?"

"व्हय."

त्याला इतका आनंद झाला की त्यानं शेजाऱ्याला हाक मारून ते सांगितलं.

रेक्टरांनी खोली बदलून दिली नाही. पोरांच्या मस्करीत आपण पडत नाही, म्हणाले. उरलेलं वर्ष मी त्याच खाटेवर काढलं. खोलीत कुणी पाहुणा आला की जोडीदार माझ्या खांद्यावर हात टाकून ओळख करून द्यायचा, "हा आमचा कलाकार."