अमीर तम्मामची अडकलेली जीभ

मोसूलच्या मोठ्या मशिदीत हंझला वीस वर्षं बांग देत होता. दोन्ही डोळ्यांनी ठार आंधळा, आणि आंधळा म्हणूनच ठेवलेला. मनोऱ्यावरून सगळ्या गावाची अंगणं दिसतात. डोळस माणूस वर चढला की बायकांना केस वाळवायची पंचाईत.

"डोळे असते तर गावानं तुम्हाला कधीच वरून ढकललं असतं," बायको रैता म्हणायची.

"गाव कशाला? तूच पुढं असतीस."

त्या साली खलिफाचा चुलतभाऊ अमीर तम्माम सुभेदार होऊन आला. पंचविशीचा पोरगा. आल्या आल्या दोन शुक्रवार पोटदुखीचं निमित्त करून घरी राहिला. गाव म्हणालं, माज आहे. कारण रीत अशी की जुम्म्याचा खुत्बा, शुक्रवारच्या नमाजेआधीचं प्रवचन, सुभेदारानं स्वतः द्यायचा, काळा झगा घालून, मिंबरावर म्हणजे लाकडी व्यासपीठावर चढून. आणि शेवटी खलिफाचं नाव घेऊन दुआ मागायची. नाव राहिलं तर ते बंड. पहिल्या रांगेत डाकेचा अधिकारी नुमैर त्यासाठीच बसायचा. त्याचा स्वार लगेच बगदादला सुटणार.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी मनोऱ्याच्या पायरीवर कुणीतरी येऊन बसलं. अत्तर भारी, श्वास मात्र धाप लागल्यासारखा.

"का-काका, तुमची जीभ क-कधी अडकत नाही?"

हंझलाला पोटदुखीचा उलगडा झाला. "लहानपणी लई अडकायची, सरकार. सूर लावला की सुटायची. म्हणून तर बापानं बांग शिकवली."

"माझी त्या-त्याच्या नावावर तर पार बसते. लहानपणी तो मा-माझी नक्कल करायचा, सगळ्या भावंडांपुढं. अजून नाव घ्यायला गेलो की तोच दि-दिसतो."

"आता तो खलिफा झाला. तख्तावर बसून नकला करायला सवड कुठली त्याला?"

तम्माम खळखळून हसला. मग दोघं अस्रपर्यंत, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेपर्यंत, बसले. शब्द कसा ओढायचा, दम कुठं घ्यायचा, हंझलानं सगळं दाखवलं. तम्मामनं दहादा खलिफाचं नाव घेतलं, दहादा सुटलं.

दुसऱ्या दिवशी खुत्बा लांब सुरात निघाला. मागं कुजबुज झाली, "हा बोलतोय की गातोय?" तरी गाडी नीट चालली होती. दुआ आली. "हे अल्ला, तुझ्या बंद्याला, आमच्या खलिफाला..." आणि तम्माम थांबला.

मिंबराचं लाकूड करकरलं. घशात काहीतरी आपटत होतं, बाहेर येत नव्हतं. कुणीतरी हसू दाबलं. नुमैर खाकरला.

खुत्बा चालू असताना बोलेल त्याचा जुम्मा वाया, त्यानं रोजची दुपारची नमाज वेगळी पढायची, हे हंझला पोरांना शिकवत आलेला. वीस वर्षांत त्याचा एकही गेला नव्हता. त्यानं छातीत दम भरला आणि कालच्याच सुरात, दुआ पुरी व्हायच्या आत, लांबलचक "आमीन" सोडलं.

बांग देणाऱ्या मुअज्जिनानंच म्हटलं म्हणून रांगांनीही म्हटलं. सगळी मशीद त्या सुरानं भरली, आणि त्या सुरावर तम्मामनं खलिफाचं नाव असं उचललं की बाहेरच्या मासळीवाल्यांनाही ऐकू गेलं.

नमाज संपताच नुमैर आला. "नावाआधी आमीन? म्हातारचळ लागला का रे? अमीर, या आंधळ्याला आजच हाकला."

"लागला असेल, साहेब," हंझला म्हणाला. लोक भोवती जमलेले. पोरानं आता गप्प राहावं, एवढंच त्याला वाटत होतं.

तम्माम गप्प राहिला नाही. "या-याला हात लावायचा नाही. मी अ-अडकलो होतो. म-माझी जीभ अडकते." सूर नाही, काही नाही. भर मशिदीत, जशी होती तशी. "तु-तुम्हाला लिहायचं तर हे लि-लिहा."

कुणी हसलं नाही. नुमैर चपला शोधू लागला.

हंझला चाचपडत कोपऱ्यातल्या खांबापाशी गेला. त्याचा जुम्मा गेला होता. दुपारची साधी नमाज एकट्यानं पढायची होती. उभा राहताना त्याच्या लक्षात आलं, आपल्याला हसू येतंय, आणि ते काही केल्या आवरत नाहीये.