आरशाची सवय

जिम बंद झाली त्या दिवशी मास्तरने शेवटची वजनं टेम्पोत चढवली, हात पुसले आणि घरी येऊन जेवायला बसला. ताईने विचारलं, "वाईट वाटतंय का रे?"

त्याने जरा आत शोधून पाहिलं. काही सापडलं नाही. "आमटीत मीठ कमी आहे," तो म्हणाला.

जिममध्ये सगळे त्याला मास्तर म्हणत, म्हणून घरातही तेच नाव पडलं होतं. तो बहिणीकडेच मागच्या खोलीत राहायचा. पुढे बरेच दिवस तिथे नुसता पडून होता. शेवटी ताईनेच मोबाइल उभा करायचं स्टँड आणून त्याच्या उशाशी ठेवलं. "लोक हल्ली घरबसल्या व्यायाम शिकतात. तू घरबसल्या शिकव."

भावोजींना हे पटलं नाही. ते गोदामात मुकादम होते आणि तिथली एक जागा त्यांनी मेव्हण्यासाठी अडवून ठेवली होती. "मोबाइलसमोर उठाबशा काढून कोणाचं पोट भरलंय? महिनाअखेरपर्यंत बघ. नाही जमलं, तर मुकाट्याने पोती उचलायला ये."

"बरं," मास्तर म्हणाला. हल्ली तो सगळ्यालाच बरं म्हणायचा.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते म्हणजे शिवणकाम करणाऱ्या एक मावशी. बसून बसून कंबर धरलेली आणि डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डाव्या पायावर भार द्यायचा नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. वर म्हणाल्या, "मी टिकले तर शिवणवर्गातल्या दोघींना पाठवते. नाही टिकले तर तुमची धडगत नाही, मास्तर!" आणि स्वतःच हसल्या. मास्तरही हसला. हसायची जागा होती म्हणून.

त्याने खाट भिंतीला सरकवली आणि मधोमध ठेंगणं स्टूल ठेवलं. मोबाइलकडे तोंड करून तो उजव्या पायाने स्टुलावर चढायचा आणि डावा मागून हलकेच वर आणायचा. "हा पाय जोर लावेल. हा नुसता सोबत येईल." मावशी बघून बघून तसंच करायच्या. जिममध्ये असता तर त्याने पाठीवर तळवा ठेवला असता आणि कुठला स्नायू चोरतोय ते हाताला कळलं असतं. इथे समोर फक्त चपटं चित्र होतं. तरी त्याने अंगचोरपणा केला नाही. मावशी जितक्या वेळा चढत, तितक्या वेळा तोही चढे, घामाने निथळे. अंग राबत होतं. लक्ष राबत नव्हतं, आणि तेवढंही त्याला जाणवत नव्हतं.

एका संध्याकाळी मावशी पडद्यावर आल्या त्या खुर्चीत बसूनच. "मास्तर, गुडघा उशीसारखा फुगलाय. माझंच काहीतरी चुकलं असणार. वय झालं हो."

भावोजी चहाचा कप घेऊन दारात उभे होते.

"चढू नका," मास्तर म्हणाला. "स्टुलावर रोज जोर लावता तो पाय नुसता टेकवून दाखवा."

मावशींनी पाय टेकवला. पडद्यावर तो उजव्या बाजूला दिसला. रोजच्यासारखाच, बरोबर.

"ठीक. आता डावा दाखवा. सुजलेला."

"अहो, हाच की डावा!"

मास्तर पडद्याकडे बघत राहिला. जिममध्ये तो आणि शिकणारा, दोघंही आरशाकडे तोंड करून उभे असत. तिथे उजवीकडे दिसतो तो उजवाच पाय. इथे मावशी त्याच्या समोर होत्या. तो उजवा उचली, त्या त्याच्या समोरचा, म्हणजे स्वतःचा डावा उचलत. आणि चित्र आरशातल्यासारखं तंतोतंत जुळे.

"मला वाटलं, दुखऱ्यालाच कामाला लावताय," मावशी म्हणाल्या. "मीच विचारायला हवं होतं."

दारातून भावोजींनी ओठांवर बोट ठेवलं. मग कपाआडून कुजबुजले, "ती स्वतःच्या तोंडाने म्हणतेय ना? गप्प बस."

"मावशी, तुमचं नाही, माझं चुकलं," मास्तर म्हणाला. "मी उलट्या पायाने करून घेत होतो. पहिल्या दिवसापासून."

मावशींनी मोबाइल तोंडाजवळ ओढला.

"डोळे कुठे होते तुमचे?"

"तुमच्यावरच."

"मग?"

"बघत होतो. लक्ष नव्हतं."

"पाय चालत नाही म्हणजे मशीन चालत नाही. कळतंय का तुम्हाला? लोकांचे कपडे परत पाठवायची वेळ आलीय माझ्यावर." पडदा काळा झाला.

"झालं?" भावोजी म्हणाले. "हरिश्चंद्राचा अवतार! उद्या सकाळी गोदामात हजर हो."

"बरं."

तो हजर झाला. दिवसभर पोती उचलायची. संध्याकाळी खोलीत मोबाइलकडे पाठ करून उभं राहायचं, प्रत्येक हालचाल रेकॉर्ड करायची आणि गिऱ्हाइकाच्या जागी बसून बघायची. चुकलं की पुन्हा. ताईने डोकावून विचारलं, "समोर कोणी नाही, मग शिकवतोस कोणाला?"

"सवय मोडतोय."

"जेवून मोड."

महिना संपायच्या आत मावशींचा फोन आला. "सूज उतरली. राग उतरलेला नाही. डॉक्टर म्हणाले, बसून फक्त हात हलवा. नवा मास्तर शोधून त्याला माझी सगळी कहाणी सांगत बसायला मला वेळ नाही. पण वर्गातल्या त्या दोघींना मी इतक्यात काही पाठवणार नाही."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाला.

भावोजींना त्याने सांगितलं, संध्याकाळी जास्तीचं काम धरायचं नाही. "एका गिऱ्हाइकासाठी?" "हो," तो म्हणाला. त्यांनी मान झटकली, पण नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइलकडे पाठ केली. "उजवा हात."

"थांबा. घाईत मला उजवं-डावं सुचत नाही. मशीनचं चाक ज्या अंगाला असतं, ते चाकाकडचं. तसं म्हणा."

"चाक कुठे आहे, ते दाखवा आधी."

मावशींनी कुरकुरत मोबाइल मशीनकडे फिरवला. त्याने चाक नीट पाहून घेतलं, मशीनपुढे बसलं की ते कुठल्या हाताला येईल, तेही.

"चाकाकडचा हात वर," तो म्हणाला आणि खांद्यावरून वळून पाहिलं. मान अवघडली. हात बरोबर होता.

"आता दुसरा," तो म्हणाला आणि पुन्हा मान वळवली.