साडेपाचचा दिवा

बापूराव सोनकांबळे यांनी चौतीस वर्षं वायरमनचं काम केलं. नांदेडकडच्या त्यांच्या गावात वीज होती, त्यांच्या वस्तीत नव्हती. बहुधा त्यामुळेच त्यांनी हा धंदा निवडला. ते राहत त्या शांती नगरातल्या कितीतरी घरांची वायरिंग त्यांच्या हातची आहे. त्यामुळे बंगळुरूला राहणारी त्यांची मुलगी स्नेहल व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "पप्पा, घाबरू नका, अगदी नॉन-टेक्निकल माणसालाही जमतं," तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

बायको वासंती गेल्यापासून ते एकटेच राहत होते. तिने कुरियरने पाठवलेल्या खोक्यात फोनवरून चालणारे दोन बल्ब होते. होल्डरमध्ये बल्ब बसवायला त्यांना चार सेकंद लागले आणि फोनला त्याची ओळख करून द्यायला पाऊण तास.

"वायफायचा पासवर्ड टाका. आता बल्बला नाव द्या."

"बल्बला नाव?"

"काहीही द्या हो. किचन द्या."

मग तिने वेळ लावायला शिकवलं: सकाळी साडेपाचला चालू, सातला बंद. शेवटी तिने एक नियम सांगितला. "भिंतीवरच्या बटणाला आता हात लावायचा नाही. ते कायम चालूच. नाहीतर बल्बला फोनचं ऐकूच येणार नाही."

ज्या माणसाने जन्मभर बटणं बसवली, त्याला कोणी असं सांगेल असं वाटलं नव्हतं. पण मुलगी इंजिनिअर होती आणि तिच्या शिक्षणासाठीच ती बटणं बसवली होती. त्यांनी बटणावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आणि विषय संपवला.

राहिला दुसरा बल्ब.

बापूरावांच्या स्वयंपाकघरासमोर, पंधरा फुटांवर, बी विंगमध्ये गोदूबाईंचं स्वयंपाकघर होतं. गोदूबाई जुन्या भाईंदरच्या कोळीण. चाळीस वर्षं मासळी विकली, मग मुलाने, भूपेशने, फ्लॅट घेऊन त्यांना इथे आणलं आणि तो स्वतः बायकोसह ठाण्याला गेला. गोदूबाई साडेपाचला उठत. बंदरावर जायची सवय होती. बंदर सुटलं, सवय राहिली.

वासंती गेली त्या हिवाळ्यात बापूराव तापाने पडून होते. एके सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात सहा वाजले तरी दिवा लागला नाही, तेव्हा समोरून अशी हाक आली की दोन्ही विंगा जाग्या झाल्या.

"ओ वायरमन! हाय का गेला?"

"आहे! आहे!"

"मंग दिवा लाव नं! माना काय कललं पायजे का न्हाय?"

तेव्हापासून ते चालू झालं. साडेपाचला दोन्हीकडे दिवे लागायचे. कोणाचा सहापर्यंत लागला नाही तर दुसऱ्याने हाक मारायची. कोणी कोणाला वचन दिलं नव्हतं, त्यामुळे ते मोडायचीही सोय नव्हती. सात वर्षांत बापूरावांनी तीनदा हाक मारली, गोदूबाईंनी पाचदा. त्यातल्या चार वेळा बापूराव नुसते झोपले होते आणि त्याबद्दल त्यांना शिव्या खाव्या लागल्या.

गोदूबाईंचं दिव्याचं बटण स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीवर होतं. तिथवर अंधारात जायचं आणि वाटेत विळी. एकदा पायाचा अंगठा फुटला. बापूरावांनी ते खिडकीतून ऐकलं, आणि दुसरा बल्ब खिशात घालून बी विंगमध्ये गेले.

"ह्ये काय हाय?"

"दिवा. तुम्ही उठायच्या आधी आपोआप लागेल."

"आपोआप? माना हात न्हायत?"

"हात आहेत, अंगठा नाही."

गोदूबाई हसल्या. "बसव तर मंग. पण बिघरला तर तुनाच बोलवीन."

त्यांच्याकडे वायफाय नव्हतं. बापूरावांचं मात्र खिडकीतून तिथवर पोहोचत होतं. ही सोय त्यांना फार आवडली. फोनमध्ये आता दोन नावं झाली: 'किचन' आणि 'गोदू'. गोदूबाईंच्या बटणावरही त्यांनी टेप लावली, सवयीने हात जाऊ नये म्हणून. घरी येऊन स्नेहलला फोन केला. ती म्हणाली, "वा पप्पा, तुम्ही तर एक्स्पर्ट झालात!"

महिनाभर सगळं उत्तम चाललं. साडेपाचला दोन्ही दिवे एकाच क्षणी लागत. बापूराव चहा ठेवत, समोर बघत आणि निर्धास्त होत.

एका गुरुवारी साडेपाचला दोन्ही दिवे लागले. बापूरावांनी चहा घेतला.

शुक्रवारी लागले. चहा घेतला.

शनिवारी लागले. चहा झाल्यावर बी विंगमध्ये गलका ऐकू आला. गोदूबाईंच्या दाराला दुधाच्या तीन पिशव्या लटकत होत्या. शेजारच्या हिनाबेन दोन दिवस समजत होत्या, गोदूबाई मुलाकडे ठाण्याला गेल्या असतील. तिसरी पिशवी पाहून त्यांनी भूपेशला फोन लावला. त्याने येऊन दार फोडलं.

गोदूबाई स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, खुबा मोडला असावा. बुधवारी संध्याकाळी पडल्या असतील. लगेच गेल्या नसाव्यात, पण हाक मारायचं त्राण उरलं नसावं. गुरुवारी होत्या. कदाचित शुक्रवारीही.

म्हणजे गुरुवारी साडेपाचला डोक्यावर दिवा लागला, तेव्हा गोदूबाई त्याच्याकडे बघत असणार. समोरच्या खिडकीत माणूस उभा आहे, हेही त्यांना माहीत असणार. त्यांनी सहा वाजायची वाट पाहिली असेल का, हे बापूरावांनी कोणाला विचारलं नाही. त्यांनी फक्त एवढंच मनात मांडलं की तीन सकाळी त्यांनी समोर पाहिलं, आणि तीन सकाळी त्यांना स्वतःच लावलेला दिवा दिसला.

भूपेशने त्यांचे दोन्ही हात धरले. "काका, तुमचे उपकार. लोक म्हणतात, म्हातारीला एकटं टाकलं. पण तुम्ही लाइट बसवून दिली होती. आई अंधारात तरी नव्हती."

बापूरावांनी हात सोडवून घेतले आणि खिशातला टेस्टर काढून आत गेले. तो नेहमी खिशात असायचा. त्याच्या टोकाने त्यांनी बटणावरची टेप खरवडली. टेपची एक कड आधीच उचकटलेली होती. बटण खांद्याच्या उंचीवर होतं, जमिनीवरून सहज हात पोहोचावा असं नव्हतं. मग दिवा बंद करायला ती कड कोणी आणि कधी उचकटली, हेही त्यांनी विचारलं नाही.

स्नेहल फोनवर रडली आणि मग म्हणाली, "पप्पा, नुसता टायमर पुरत नाही. हालचाल ओळखणारा सेन्सर लागतो. तो असता तर लगेच कळलं असतं. मी पाठवते."

"आधी कळत होतं," बापूराव म्हणाले.

"कशाने?"

त्यांनी फोन ठेवला. 'गोदू' काढून टाकलं. फोनने विचारलं, नक्की काढायचं का. मग त्यांनी आपल्या बटणावरची टेप काढली आणि बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ते साडेपाचला उठले आणि अंधारात खुर्चीवर बसून राहिले. सहा वाजले. समोरची खिडकी काळी होती. सव्वासहा झाले. साडेसहाला खाली कोणीतरी स्कूटर चालू केली. हाक आली नाही.

सात वाजता फोन वाजला. स्नेहलचा मेसेज होता: "पप्पा, माझ्या फोनवर किचनचा बल्ब ऑफलाइन दाखवतोय. बघा ना जरा, वायफाय गेलंय का."